हात पाण्याबाहेर काढणारा राडेमाखर

जलतरणपटू एरिख राडेमाखर 1901 मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात जन्मला. तो 11 वर्षांचा असताना स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोकची (पालथं राहून दोन्ही हात एकदम मागे ओढत पोहण्याच्या शैलीची) तिन्ही पदकं जर्मनांनी नेली. पुढचं ऑलिंपिक 1916 मध्ये बर्लिनलाच व्हायचं होतं, पण महायुद्धामुळे ते झालंच नाही. युद्धानंतर 1920 ला अँटवर्प आणि 1924 ला पॅरिस, दोन्हीकडे जर्मनीला बोलावणं नव्हतं. राडेमाखर तेव्हा 19 आणि 23 वर्षांचा होता. पॅरिसची शर्यत अमेरिकेच्या रॉबर्ट स्केल्टनने 2 मिनिटे 56.6 सेकंदांत जिंकली. राडेमाखर त्याआधीच याहून कमी वेळात पोहला होता. त्या काळी बरेच विक्रम छोट्या तलावांत होत. तिथे वळणं जास्त, आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय रेटला की वेग मिळतो. हा फरक धरूनही मला ते पदक त्याच्या हक्काचं वाटतं.

त्याचं खरं मोठेपण मात्र वेगळ्याच गोष्टीत आहे.

छातीइतक्या पाण्यात उभं राहा आणि हात पाण्याखालूनच झटकन पुढे नेऊन पाहा. पाणी अंगाला मागे रेटतं. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हातापायांच्या प्रत्येक फेरीत हेच होतं. हात मागे ओढून वेग मिळवायचा, मग तेच हात पाण्यातून पुढे नेताना आणि गुडघे पोटाशी घेताना तो गमवायचा. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध साधारण चौपट होतो. त्यामुळे एकसारख्या वेगाने जाण्यापेक्षा असं थांबत-सुटत जाणं महाग पडतं. सगळ्या स्पर्धात्मक शैलींत ही सर्वांत संथ आहे, ती यामुळेच.

नियम सांगत होता की दोन्ही हात एकाच वेळी, सारखेच हलले पाहिजेत. ते पाण्याखालूनच पुढे न्यावेत, असं त्यात नव्हतं. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात राडेमाखर वळणापाशी आणि शर्यतीच्या शेवटी दोन्ही हात हवेतून पुढे फेकू लागला. सगळी शर्यत तसं पोहणं अवघड होतं, कारण दर वेळी खांदे पाण्याबाहेर उचलताना दम लवकर तुटतो. मोजक्या फेऱ्यांपुरती ती युक्ती वापरणं, यात त्याची समज दिसते.

मार्च 1927 मध्ये त्याने 2 मिनिटे 48 सेकंदांचा विश्वविक्रम केला. पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅममध्ये त्याला अखेर ऑलिंपिक मिळालं, तेव्हा तो 27 वर्षांचा होता. जपानच्या योशियुकी त्सुरुताने 2:48.8 मध्ये सुवर्ण नेलं, राडेमाखरला रौप्य. त्याच ऑलिंपिकमध्ये वॉटरपोलोचं (पाण्यात चेंडूने खेळायच्या सांघिक खेळाचं) सुवर्ण जिंकणाऱ्या जर्मन संघाचा गोलरक्षक तोच होता. पाण्यातून उसळी घ्यायला ब्रेस्टस्ट्रोकचे तयार पाय किती कामाला येत असतील!

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच कथा जर्मनीच्याच ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्या हर्बर्ट क्लाइनच्या वाट्याला आली. तो 1923 चा. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिकं रद्द झाली, 1948 ला लंडनचं जर्मनीला बोलावणं नव्हतं. तोवर हवेतून हात फेकण्याची युक्ती बटरफ्लाय नावाची पूर्ण शैली झाली होती. तीच वापरून क्लाइन 1950 मध्ये युरोपचा विजेता झाला, आणि 1952 मध्ये, वयाच्या 29 व्या वर्षी, हेलसिंकीला त्याने कांस्य मिळवलं. त्यानंतर बटरफ्लाय वेगळी शैली ठरली, तिला डॉल्फिनसारखी पायांची लाट मारायची मुभा मिळाली, आणि 1956 ला मेलबर्नमध्ये तिची स्वतंत्र शर्यत झाली. दोन्ही शैली ब्रेस्टस्ट्रोकच्या एकाच शर्यतीत पोहल्या गेल्या, असं हेलसिंकी हे शेवटचं ऑलिंपिक.