ब्रोशरवरची रेंज आणि दोन चार्जिंगमधलं अंतर

‘489 किमी रेंज आहे, पुणे-मुंबई-पुणे करून वर एकशे नव्वदच्या आसपास उरतात.’ इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांचा हा हिशेब ऐकून आता कंटाळा आलाय. पेट्रोल गाडीचा मायलेज कंपनी सांगते तेवढा मिळत नाही हे सगळ्यांना पाठ आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. युनिट आणि किलोवॅटचा घोळही एका वाक्यात मिटतो: बॅटरी मोजायची ती वीजबिलावरच्याच युनिटात, आणि किलोवॅट म्हणजे मोटरची किंवा चार्जरची ताकद.

खरी गल्लत पुढेच आहे. 489 हा आकडा 45 युनिटच्या नेक्सॉन ईव्हीचा, एमआयडीसी चाचणीतला (भोसरीची एमआयडीसी नव्हे, गाडी तपासायची ठरावीक पद्धत). त्या चाचणीत एसी बंद असतो, वेग 90 च्या वर जात नाही आणि बराचसा वेळ गाडी शहरी गतीने थांबत-थांबत चालते. टाटा स्वतःच ‘सी75’ (पंचाहत्तर टक्के ग्राहकांना मिळावी अशी रेंज) या नावाने साधारण 350 किमी सांगते, तो आकडा बराच प्रामाणिक. पण तोही हायवेचा नाही. ताशी 80 वरून 100 वर गेलं की हवेचा रोध दीडपटीहून जास्त होतो. एसी लावून, चार माणसं बसवून 100 च्या वेगाला या आकाराच्या गाडीला युनिटमागे सहा किमी धरा. 45 गुणिले 6, म्हणजे 270.

आणि हे 270 सुद्धा एका दमात वापरता येत नाहीत! दहा टक्के राखीव ठेवायचे, कारण पुढचा चार्जर बंद निघू शकतो किंवा तिथे रांग असते. म्हणजे घरून शंभर टक्के भरून निघालात तर पहिला टप्पा साधारण 240 चा. वाटेत फास्ट चार्जर 80 टक्क्यांनंतर मंदावतो, तिथे ताटकळण्यात अर्थ नाही. म्हणून पुढचे टप्पे 80 ते 10, म्हणजे 70 टक्क्यांचे: 190 किमी. गाडी निवडताना बघायचा आकडा हा. 30 युनिटच्या बॅटरीला हेच गणित 160 आणि 125 असं येतं. पुणे-मुंबई दीडशे, जाताना बोरघाट उतरणीचा, त्यामुळे जमतं. परतीला मुंबईत चार्ज केल्याशिवाय निघू नये. खोपोलीहून खंडाळ्यापर्यंतच्या चढाला चार माणसांची गाडी तीनेक युनिट जास्तीचे खाते, म्हणजे सपाटीवरचे अठरा-वीस किमी गेले. उतरताना त्यातले काही परत मिळतात, पण लोणावळ्यात शंभर टक्के भरून लगेच घाटात उतरलात तर भरलेल्या बॅटरीत ती वीज जायला जागाच नसते.

मग घ्यायची कोणती? स्वतःच्या पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा सॉकेट असेल आणि रोजचं चालणं 50 किमीच्या आत, तर छोटी बॅटरी पुरते. रोज सहा-सात युनिट लागतात, ते रात्री तीन तासांत भरतात. वर्षातून दोनदा कोकणात जायचं म्हणून लाखांनी जास्त मोजणं मला पटत नाही. त्या दोन खेपांना एक चहा जास्त प्या. महिन्यातून दोनदा कोल्हापूर होत असेल, किंवा सोसायटी पार्किंगमध्ये वायर टाकू देत नसेल, तर मात्र मोठीच घ्या. दुसऱ्या बाबतीत कारण हायवेचं नसून आठवड्यातून एकदाच चार्जरवर जाण्याचं आहे. दोन्हीकडे, काही वर्षांनी बॅटरी दहा-पंधरा टक्के झिजलेली असेल असं धरूनच टप्पा मोजा.

टेस्ट ड्राइव्हला गल्लीतून चक्कर मारून परत येऊ नका. ट्रिप मीटर शून्य करून घ्या, एसी लावून बायपासवर निदान वीस किमी एका वेगाने चालवा आणि परत त्याच रस्त्याने या. स्क्रीनवर दर किमीला किती वॉट-अवर ते दिसतं. एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर, म्हणून हजाराला त्याने भागा: 160 आले तर युनिटमागे सव्वासहा किमी. ‘उरलेली रेंज’ म्हणून दिसणाऱ्या आकड्याकडे त्या दिवशी बघूच नका. तो आधीच्या चालवणाऱ्याच्या सवयीवरून काढलेला असतो.