वाहनाच्या रंगावरील चरे काढणे

मोटार किंवा दुचाकीच्या रंगावर उठलेले ओरखडे घरच्या घरी नाहीसे करण्याचे वा झाकण्याचे काम. बोलताना आपण ‘चरा काढणे’ म्हणतो, पण चरा ही खाच असते आणि खाच काही उचलून काढता येत नाही. एक तर तिच्या भोवतीचा थर घासून तिच्या तळापर्यंत उतरवायचा, नाही तर खाच रंगाने भरून वर आणायची. दोन्हींपैकी काय करायचे, हे खोलीवर ठरते.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारणपणे चार थर असतात. सर्वांत खाली गंजरोधक थर. गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून तो विजेच्या साहाय्याने चढवतात. त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, मग रंगछटा देणारा बेस कोट आणि शेवटी पारदर्शक क्लिअर कोट. सगळ्यांची मिळून जाडी बहुधा 100 ते 150 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून थोडीच जास्त. त्यात क्लिअर कोट 35 ते 50 मायक्रॉनचा. चकाकी त्याचीच, आणि सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवण्याचे कामही मुख्यतः त्याचेच. घासताना हाच थर झिजतो, त्यामुळे एकाच जागी हे काम मोजक्याच वेळा करता येते.

पहिली तपासणी पाण्याची. चऱ्यावर ओला हात फिरवावा. ओला असेपर्यंत चरा दिसेनासा झाला आणि वाळताच पुन्हा उमटला, तर तो क्लिअर कोटमध्येच आहे. खाचेच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून ती पांढरी दिसते; पाण्याने ती भरली की विखुरणे कमी होते. नुसत्या पांढऱ्या रेघेवरून ‘प्रायमर निघाला’ असे समजून घाबरणारे पुष्कळ असतात, म्हणून आधी पाणी. नख आडवे फिरवताना अडकले तर खाच खोल आहे. तळाशी धातू चमकत असेल तर पत्रा उघडा पडला आहे. कधी कधी तर चरा नसतोच, घासून गेलेल्या दुसऱ्या गाडीचा रंग चिकटलेला असतो. तो क्ले बारने (चिकटलेला मळ ओढून घेणाऱ्या मातीसारख्या वडीने) किंवा सौम्य द्रावकाने निघून जातो.

वरवरच्या चऱ्याला रबिंग कंपाउंड, म्हणजे बारीक घर्षक कणांचा लेप, पुरते. गाडी आधी नीट धुवावी. राहिलेला धुळीचा एक कण कापडाखाली आला की एका चऱ्याचे दहा होतात. काम सावलीत, पत्रा गार असताना करावे. मायक्रोफायबरच्या कापडावर वाटाण्याएवढे कंपाउंड घेऊन तळहाताएवढ्या भागात बेताच्या दाबाने फिरवावे. सुरुवातीला दुधाळ दिसणारा लेप हळूहळू पातळ होतो, तेव्हा पुसून पाहावे. मग बारीक पॉलिश, शेवटी वॅक्स. कंपाउंडने न हटणाऱ्या चऱ्यावर 2000 किंवा 3000 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून वापरायचा बारीक पॉलिश कागद) साबणाच्या पाण्यात भिजवून चालवतात. चकचकीत बॉनेट त्याने क्षणात राखेसारखे मंद होते आणि नवख्याच्या पोटात गोळा येतो. ती चमक पुढे कंपाउंडने परत येते. खरा धोका कडांना आणि पत्र्याच्या दुमडींना: तिथे थर पातळ असतो आणि दोन-चार फटक्यांत खालचा रंग दिसू लागतो. तिथे आधीच मास्किंग टेप लावावी.

बेस कोट तुटला असेल तर घासून उपयोग नाही. टच-अपचा रंग भरावा लागतो. रंगाचा कोड बहुधा दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली असतो. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवावा. पत्रा उघडा असेल तर गंज खरवडून आधी प्रायमर लावावा. नंतर बारीक ब्रशने रंग, तोही एकदम नव्हे: पातळ हात, वाळू देणे, पुन्हा पातळ हात. रंग सुकताना आक्रसतो, त्यामुळे खाच काठोकाठ भरलेली दिसली तरी दुसऱ्या दिवशी ती बसलेली असते. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमच्या चकत्या ब्रशने वेगळ्या कोनात बसतात; कोड बरोबर असूनही डाग बाजूने ओळखू येतो. तरी गंज थांबतो, आणि उघड्या पत्र्याच्या बाबतीत महत्त्व त्याचेच. प्लॅस्टिकच्या बंपरला ती घाई नाही.

टूथपेस्टचा उपाय सर्वतोमुखी आहे. तिच्यात सौम्य घर्षक असतात, म्हणून अगदी पुसट रेघ तिने फिकी होते. पण तिचे कण दातांसाठी ठरवलेले असतात, क्लिअर कोटसाठी नव्हे. तेल किंवा वंगणाचा फवारा पाण्याचेच काम जरा जास्त वेळ करतो, म्हणजे खाच भरून ती लपवतो. दोन धुण्यांत चरा परत हजर.

मॅट रंगाला यातले घासण्याचे उपाय लागू नाहीत. त्याचा मंदपणा पृष्ठभागाच्या सूक्ष्म खडबडीतपणातून येतो. कंपाउंड फिरवले की तेवढीच जागा चकाकू लागते आणि तो चकाकता ठिपका पुन्हा मॅट करता येत नाही. तो पूर्ण भागच नव्याने रंगवावा लागतो.