कोळसा उपकर (भारत)

देशात काढलेल्या आणि बाहेरून आणलेल्या दगडी कोळशावर, तसेच लिग्नाइट (हलक्या प्रतीचा तपकिरी कोळसा) व पीटवर (दलदलीतल्या वनस्पतींपासून बनलेले कच्चे इंधन), केंद्र सरकारने १ जुलै २०१० पासून लावलेला कर. कार्बन कर, म्हणजे कार्बन उत्सर्जनावर लावलेला कर, हे हवामानबदलावरचे योग्य धोरण आहे का, हा वाद निघाला की भारताचा दाखला म्हणून याच उपकराचे नाव पुढे येते. प्रणव मुखर्जी यांनी २०१० च्या अर्थसंकल्पात ‘स्वच्छ ऊर्जा उपकर’ मांडला तेव्हा दर टनाला ५० रुपये होता. २०१४ मध्ये तो १००, २०१५ मध्ये २०० आणि २०१६ मध्ये ४०० रुपये झाला.

कार्बन कराची कल्पना ब्रिटिश अर्थतज्ज्ञ पिगू यांच्या १९२० च्या मांडणीपर्यंत मागे नेता येते. ज्याच्या धुराने इतरांचे नुकसान होते त्याने ते भरून द्यावे, म्हणजे धूर कमी करणे त्याच्याच फायद्याचे ठरते. कोळसा उपकरात नेमकी हीच कडी कच्ची राहिली. एका युनिट विजेला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, म्हणजे ४०० रुपयांचा उपकर युनिटमागे २६ ते २८ पैसे पडत असे. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राने तो भरला, तरी वीजखरेदीच्या खर्चातून तो ग्राहकाच्या बिलात उतरत असे. खासगी प्रकल्पांनाही वीजखरेदी करारातील ‘कायद्यातील बदल’ या कलमाखाली ही वसुली नियामक आयोगांनी मान्य केली. कोळसा जाळणाऱ्याला चटका बसलाच नाही.

समर्थकांचे उत्तर असे, की दर कमी असला तरी त्यातून स्वच्छ ऊर्जेसाठी पैसा उभा राहतो. हिशेब मात्र वेगळे सांगतो. २०१७-१८ पर्यंत सुमारे ८६ हजार कोटी रुपये जमा झाले. राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले जेमतेम तिसरा हिस्सा पोहोचले आणि प्रकल्पांवर १६ हजार कोटींच्या आसपास खर्च झाला. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तेच ४०० रुपये जीएसटीमुळे राज्यांच्या घटलेल्या महसुलाच्या भरपाईकडे वळवले गेले. कर तसाच राहिला, स्वच्छ ऊर्जेचा संबंध तेवढा सुटला.

२२ सप्टेंबर २०२५ पासून हा भरपाई उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. वरवर ही वाढ दिसते. पण समजा कोळसा टनाला १,००० रुपयांचा आहे: पूर्वी त्यावर जीएसटीचे ५० अधिक उपकराचे ४०० असे ४५० रुपये पडत, आता १८० पडतात. शिवाय कर आता वजनावर नसून किमतीवर आहे, त्यामुळे राखेचे प्रमाण जास्त असलेल्या स्वस्त कोळशालाच मोठी सवलत मिळाली. हवामान धोरण म्हणून हे उलटेच म्हणावे लागेल.

युरोपीय संघ २०२६ पासून आयात पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांच्यावर कार्बन आकारणी करतो आणि मूळ देशात प्रत्यक्ष भरलेली कार्बन किंमत त्यातून वजा करू देतो. भारताने कार्बनला किंमत लावण्यासाठी कराऐवजी २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेचा रस्ता धरला आहे. तीत उद्योगांना एकूण उत्सर्जनाची मर्यादा नसून उत्पादनाच्या टनामागील उत्सर्जनाचे लक्ष्य असते; त्याहून कमी उत्सर्जन करणाऱ्याला विकता येणारी क्रेडिट्स मिळतात.