पार्श्वभूमी : ‘शाश्वत’ आणि त्याची शाश्वती

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत एप्रिलमध्ये फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं : ‘उद्या टँकर येईलच याची शाश्वती नाही.’ शेजारी नव्या गृहप्रकल्पाचं पत्रक, ‘शाश्वत जीवनशैली’. इंग्रजी ‘सस्टेनेबल’ला मराठीत ‘शाश्वत’ म्हणणं बरोबर की चूक, हा सध्याचा गोंधळ या दोन ओळींमधलाच आहे.

संस्कृत ‘शश्वत्’ म्हणजे पुन्हापुन्हा, नेहमी. साप-मुंगसाचा ‘अहिनकुलम्’ असा एकवचनी समास होतो, कारण त्यांचं वैर ‘शाश्वतिक’, असा व्याकरणाचा नियम आहे. (पुण्यात ‘घरमालकभाडेकरू’लाही तो लावायला हरकत नव्हती.) गीतेत हा शब्द आत्म्याला लागला आणि मग देव्हाऱ्यातच राहिला. रोजच्या बोलण्यातलं ‘नेहमीसाठी’ अरबी-फारसीतून आलेल्या ‘कायम’ने घेतलं : कायमची नोकरी, कायमचा पत्ता.

मराठीने मात्र ‘शाश्वत’मधून ‘शाश्वती’ हे नाम घडवलं. अर्थ खात्री, हमी; आणि वापर बहुतेक नकारातच. पावसाची शाश्वती नाही, जिवाची काय शाश्वती?

खरा वाद अनुवादाचा. १९८७च्या एका जागतिक अहवालाने पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणाऱ्या विकासाची व्याख्या रूढ केली. त्या ‘सस्टेनेबल’ विकासाला मराठीत काय म्हणायचं? ‘टिकाऊ’ नेमका होता, पण त्याला चपला-बादल्यांचा वास. ‘चिरस्थायी’ जड. हिंदीने सरकारी कागदांत ‘सतत’ घेतला, मराठीने ‘शाश्वत’. शब्द गरजेपेक्षा मोठाच निवडला गेला. २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांत शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं आणि १६९ लक्ष्यं ठरली, बहुतेकांची मुदत २०३०. अनंताला मुदत! मग ही उद्दिष्टं नऊ संकल्पनांत बसवून ग्रामपंचायतींच्या आराखड्यांत आली आणि शब्द कशालाही चिकटू लागला. ‘शाश्वत कचरा व्यवस्थापन’ वाचून कचरा डेपोशेजारच्या फुरसुंगीकरांनी कोणता अर्थ घ्यावा?

तरीही ‘अनुवाद साफ चुकला’ हा आक्षेप मला अर्धाच पटतो. आक्षेप घेणारे संस्कृताकडे बघतात, वापरणारे ‘शाश्वती’कडे. पुरंदरच्या कोरडवाहू पट्ट्यात ‘शाश्वत पाणी’ म्हणताना कुणाच्या मनात अनंतकाळ नसतो. मे महिन्यातही विहिरीत पोहरा बुडला पाहिजे, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.