मिलानचे कालवे

मिलानचे कालवे : उत्तर इटलीतील मिलान शहराचे ऐतिहासिक जलमार्ग. इटालियन भाषेत त्यांना ‘नाविल्यी’ म्हणतात. मिलान मोठ्या नदीकाठी वसलेले नाही. पश्चिमेची तिचीनो आणि पूर्वेची आद्दा या दोन्ही नद्या शहरापासून दूर आहेत. तरीही शेकडो वर्षे इथे बंदर नांदले, ते सर्वस्वी माणसाने खोदून आणलेल्या पाण्यावर.

सर्वांत जुना कालवा नाविल्यो ग्रांदे. त्याचे काम ११७७ च्या सुमारास सुरू झाले. तिचीनोचे पाणी आधी शेतीसाठी वळवले, नंतर पात्र रुंद करून त्यात नावा घातल्या. सुमारे ५० किमी लांबीत हा कालवा ३४ मीटर उतरतो. भरलेली नाव प्रवाहाबरोबर शहरात येई; परतताना काठावरून घोडे तिला दोराने ओढत.

मिलानचे कॅथीड्रल, म्हणजे दुओमो, याच पाण्याने उभे केले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. बांधकाम १३८६ मध्ये सुरू झाले. गुलाबी झाक असलेला संगमरवर आल्प्सच्या पायथ्याच्या कांदोल्या खाणीतून तोचे नदीत, तिथून माज्जोरे सरोवर, तिचीनो आणि शेवटी नाविल्यो ग्रांदे अशा वाटेने येई. या दगडावर जकात नव्हती. तो ओळखू यावा म्हणून ‘कॅथीड्रलच्या कामासाठी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे त्यावर घालत. पण शहराच्या आतला कालवा वरच्या पातळीवर होता. १४३९ मध्ये व्हियारेन्ना येथे जलपाश (लॉक, म्हणजे दरवाजे लावून पाण्याची पातळी वर-खाली करता येणारा कप्पा) बांधल्यावर नावा पाण्यासह वर उचलल्या जाऊ लागल्या आणि दुओमोपासून थोड्याच अंतरावरच्या तळ्यापर्यंत पोचल्या. ते तळे पुढे बुजवले. ‘लागेत्तो’ म्हणजे तळे, हे नाव तेवढे तिथल्या गल्लीला उरले आहे.

लिओनार्दो दा विंचीने इथल्या जलपाशांचा बारकाईने अभ्यास केला. त्याच्या रेखाटनातील दरवाजाची दोन पाखे मिटल्यावर पाण्याच्या दिशेने टोक करून उभी राहतात. पाण्याचा दाब जितका वाढेल तितकी ती घट्ट बसतात. एवढी साधी आणि एवढी पक्की युक्ती क्वचितच सापडते.

आद्दाचे पाणी आणणारा मार्तेझाना कालवा १५व्या शतकात झाला, तर पावीया शहराकडे जाणारा कालवा १८१९ मध्ये पूर्ण झाला. १९२९ पासून शहराच्या आत वळसा घालणारा कालवा बुजवून त्यावर रस्ते केले. वाहतुकीची सोय झाली, पण मिलानचा चेहराच त्यात हरवला. दार्सेना हे जुने बंदर मात्र २०१५ च्या जागतिक प्रदर्शनानिमित्त पुन्हा नीटनेटके करण्यात आले. तिथून जवळच, नाविल्यो ग्रांदेच्या काठी, धोब्यांची गल्ली आहे. लाकडी छपराखाली कपडे धुण्याचे तिरपे दगड ओळीने मांडलेले आहेत.

दुओमोच्या डागडुजीला आजही कांदोल्याचाच दगड लागतो. तो आता ट्रकने येतो.