खानदेशातलं सिव्हिल आणि म्हातारा पेशंट: पार्श्वभूमी

घरातले आप्पा अंथरुणाला खिळले की खानदेशात पहिला प्रश्न निघतो, ‘सिव्हिलला न्यायचं की प्रायव्हेटला?’ खिसा पाहून बहुतेकांची गाडी सिव्हिललाच लागते. तिथली गर्दी आजची नाही.

गावोगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना १९४६च्या भोर समितीच्या अहवालातली. पुढे निकष ठरला: सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक केंद्र, आदिवासी भागात २० हजारांमागे. भर राहिला बाळंतपण, लसीकरण, कुटुंब नियोजन आणि साथींवर. दम लागलेला, पाय सुजलेला म्हातारा त्या आखणीत फारसा नव्हताच. म्हणून त्याच्या कागदावर ‘रेफर’ पडतं. ग्रामीण रुग्णालय, मग सिव्हिल, तिथूनही नाशिक नाहीतर संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथलं सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. नवापूरकडची मंडळी सरळ सुरत गाठतात.

धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलं. जळगावला ते यायला २०१८ उजाडलं, नंदुरबारला २०२०. या दोन्ही ठिकाणी कॉलेज जोडलं गेलं ते आधीच्याच जिल्हा रुग्णालयाला. पाटी बदलली, खातं बदललं. १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले, तेही आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत. मेडिकल कॉलेजं दुसऱ्या खात्याची. हा फरक केसपेपरच्या खिडकीशी उभ्या आप्पांना कोण समजावणार?

खरी गोम वेगळीच आहे. स्ट्रेचर ढकलणं, रक्ताची नळी लॅबमध्ये पोचवणं, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणं, रात्री संडासला नेणं ही कामं वर्षानुवर्षं नातेवाईकच करत आलेत. कोरोनात त्यांना वॉर्डबंदी झाली आणि भगदाड उघडं पडलं. जून २०२०मध्ये जळगावच्या सिव्हिलमधून बेपत्ता झालेल्या ८२ वर्षांच्या आजींचा मृतदेह आठ दिवसांनी तिथल्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. सोबतीच्या माणसाचं काम कुणाचं, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

योजना आल्या. २०१२ला जीवनदायी ही मोफत उपचारांची सरकारी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होतं. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान कार्ड मिळतं. पण कार्ड चालतं ते दाखल झाल्यावर. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या, गावाहून यायचं गाडीभाडं आणि सोबत आलेल्या पोराचा बुडालेला रोज त्यात बसत नाही.