फुगलेल्या शिरा: कापण्यापासून फेसापर्यंत

दिवस दिवस कापूस वेचणाऱ्या किंवा भंडारा-गोंदियाकडे चिखलात रोवणी करणाऱ्या बायांच्या पोटऱ्यांवर निळ्या, वेटोळ्या शिरा दिसतात. संध्याकाळी पाय जड होतात, पण तेवढ्यासाठी मजुरी कोण बुडवणार? घोट्याजवळची कातडी काळी पडली, जखम झाली आणि ती महिनोन्‌महिने भरेना, की मग दवाखाना.

अशक्त माणसाने अतिश्रम केले की शिरांची गाठ होते, असं सुश्रुतसंहितेत ‘सिराग्रंथी’च्या वर्णनात आलं आहे. नेमकं काय बिघडतं ते मात्र फार उशिरा उलगडलं. शिरांतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे जाऊ देतात, हे इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने १६२८ मध्ये मांडलं. या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येतं आणि शीर फुगते. हाच उलटा प्रवाह अडवायचा म्हणून जर्मन सर्जन ट्रेंडेलेनबर्गने १८९०च्या सुमारास मांडीतली कातडीखालची मुख्य शीर बांधायला सुरुवात केली. पुढे १९०५ ते १९०७ दरम्यान अमेरिकेत शिरेत तार घालून शीरच ओढून काढण्याच्या पद्धती आल्या. जवळपास शतकभर मुख्य उपाय हाच. त्यात कंबरेत भूल, जांघेत चीर आणि पुढे काही आठवडे कामाला सुट्टी. ऐन वेचणीत ही सुट्टीच ऑपरेशनपेक्षा महाग पडते.

२००० सालाच्या आसपास रेडिओफ्रिक्वेन्सी आणि लेझर आले. शीर काढायची नाही, आतून उष्णतेने बंद करायची. पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. मात्र यंत्र आणि एकदाच वापरायची तार, दोन्ही महाग.

मला खेड्यासाठी जास्त आशा वाटते ती फेसाच्या इंजेक्शनची. इटलीच्या तेसारीने २००० मध्ये दाखवलेली युक्ती साधी आहे: दोन सिरिंजा जोडून औषध आणि हवा घुसळायची आणि तयार झालेला फेस शिरेत सोडून ती बंद करायची. खर्च कमी, शीर पुन्हा उघडण्याची शक्यता मात्र लेझरपेक्षा जास्त. घट्ट मोजे सगळेच डॉक्टर सांगतात, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात ते घालून दाखवावेत!

यातलं काहीही करण्याआधी कलर डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी हवीच. खोल शिरेत गुठळी असेल आणि रक्ताची परतवाट कातडीखालच्या शिरेवरच टिकून असेल, तर ती बंद करणं धोक्याचं. सरकारी योजनेतून ऑपरेशन बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला तपासणीच्या वेळीच विचारून घ्यावं.